कृष्णविवराभोवतीचा घाणा

विहिरीत दगड टाकला की तो सरळ तळाशी जातो. काठावर उभे राहून कान द्यावा. क्षणभर शांतता, आणि मग खालून 'डुबुक' असा आवाज. कृष्णविवर म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेच काहीसे चित्र उभे राहते. अवकाशातली एक अथांग विहीर, आणि जवळ जाईल ते तिच्यात गडप.

श्रोतेहो, या चित्रात एक मोठी चूक आहे. कृष्णविवरात पडणे ही सोपी गोष्ट नाही. ती इतकी अवघड आहे की, वायू तिथवर पोचतो तरी कसा, या एका प्रश्नापायी खगोलशास्त्रज्ञांची जवळजवळ वीस वर्षे खर्ची पडली. आणि हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या प्रश्नाचे उत्तर आधीच छापून तयार होते. ते एका जाडजूड ग्रंथात, ग्रंथालयांच्या फडताळांत, तीस वर्षे पडून राहिले. तो ग्रंथ लिहिणारे गृहस्थ मद्रासला शिकलेले होते. त्यांचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. आज ही हकीकत सांगायची आहे.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल आठवा. दिवसभर फिरतो, पण मधल्या लाटेपाशी काही पोचत नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचेही तसेच आहे. सूर्य पृथ्वीला सतत आपल्याकडे ओढतो आहे, पण पृथ्वी आडवी धावते आहे. आणि त्या आडव्या धावेमुळेच ती सूर्यात पडत नाही. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूजवळ अशी एक पुंजी असते. शास्त्रात तिला कोनीय संवेग म्हणतात. वस्तू केंद्रापासून किती दूर आहे आणि किती वेगाने फिरते आहे, या दोहोंच्या गुणाकारावर ती पुंजी ठरते. या पुंजीचा नियम मोठा कडक आहे. ती आपोआप नाहीशी होत नाही. दुसऱ्या कुणाला दिली तरच कमी होते.

आता थोडा हिशेब. बुध सूर्यापासून सुमारे ५ कोटी ८० लक्ष किलोमीटर अंतरावर सेकंदाला ४८ किलोमीटर वेगाने फिरतो. पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर, सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने. बुध चपळ खरा, पण गुणाकार करून पाहिला तर किलोमागे पुंजी पृथ्वीजवळच जास्त भरते, दीडपटीहूनही अधिक. तेव्हा पृथ्वीच्या कक्षेवरचा किलोभर वायू बुधाच्या कक्षेवर यायचा असेल, तर त्याला आपल्या पुंजीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कुणाला तरी देऊन टाकावा लागेल. द्यायचा कुणाला? अर्थात शेजाऱ्याला, म्हणजे बाहेरच्या वायूला. आतला वायू देतो आणि खाली उतरतो. बाहेरचा घेतो आणि आणखी बाहेर सरकतो. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू असा फिरत फिरत, पसरट चकतीच्या रूपाने जमतो. ही देवघेव चालू राहिली तरच चकतीतला वायू आत पोचणार. ती थांबली तर घाणा नुसता फिरत राहणार.

ही देवघेव कोण घडवून आणते? पहिले उत्तर सुचते ते घर्षणाचे. काकवीत पळी फिरवली की भोवतालची काकवीही फिरू लागते, कारण तिच्या अंगी चिकटपणा आहे. या चिकटपणाला श्यानता असे नाव आहे. वायूलाही थोडीशी श्यानता असतेच. चकतीत आतला थर जलद आणि बाहेरचा संथ असल्यामुळे थराथरांत घर्षण होईल, आतला मागे ओढला जाईल, बाहेरचा पुढे रेटला जाईल. अशा चकतीचे गणित जर्मनीत फोन वाइत्सेकर यांनी १९४८ च्या सुमारास आणि त्यांच्यामागून लुस्ट यांनी १९५२ मध्ये मांडले होते.

पण आकडे घालून पाहिले की हे उत्तर टिकत नाही. वायूची श्यानता इतकी क्षुल्लक असते की तिच्यावर विसंबले तर लहानशा चकतीलाही रिकामी व्हायला कोट्यवधी वर्षे लागतील. आणि आकाशात काय दिसते? हंस तारकासमूहात एस. एस. सिग्नी नावाचा तारा आहे. १८९६ पासून निरीक्षक त्याच्यावर नजर ठेवून आहेत. एका श्वेत लघुताऱ्याभोवती फिरणारी चकती तिथे आहे, आणि ती काही आठवड्यांनी एकदम उजळते व थोड्या दिवसांत मंदावते. म्हणजे तिथला वायू दिवसांच्या हिशेबाने खाली उतरतो आहे. कोट्यवधी वर्षे कुठे आणि दिवस कुठे!

मग दुसरे उत्तर पुढे आले. चकतीतला वायू शांतपणे वाहत नसेल. त्यात खळबळ असेल. पावसाळ्यात पुलाखालून धावणारे नदीचे पाणी पाहा. त्यात भोवरे उठतात, एका थराचे पाणी दुसऱ्यात घुसते, आणि सारा प्रवाह घुसळून निघतो. अशा घुसळणीत पुंजीची देवघेव झपाट्याने होते. शास्त्रज्ञ तिला संक्षोभ म्हणतात. पण संक्षोभ उगाच माजत नाही. आधी प्रवाह अस्थिर असावा लागतो. म्हणजे त्याला किंचित धक्का लागला तर तो धक्का विरून न जाता वाढत गेला पाहिजे. तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच, की ही चकती अस्थिर आहे का?

या प्रश्नाची मुळे आकाशात नसून प्रयोगशाळेतल्या दोन नळकांड्यांत आहेत. फ्रान्समध्ये मोरिस कुएत यांनी १८९० मध्ये एकात एक बसवलेली दोन नळकांडी घेतली, मधल्या फटीत द्रव भरला, आणि बाहेरचे नळकांडे फिरवून द्रवाची श्यानता मोजली. पुढे इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी अशा फिरत्या द्रवाचा विचार केला. रॅले हे १९०४ चे नोबेल पारितोषिक विजेते. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९१६ मध्ये, त्यांनी एक साधा नियम सांगितला. त्याचा आशय असा. फिरत्या द्रवातले एक कडे थोडे बाहेर ढकला. ते आपली पुंजी घेऊनच बाहेर जाईल. तिथल्या रहिवाशांची पुंजी त्याच्याहून जास्त असेल, तर हा पाहुणा तिथे टिकायला अपुरा पडेल आणि मागे परतेल. प्रवाह स्थिर. उलट तिथल्या लोकांची पुंजी कमी असेल, तर पाहुणा आणखी बाहेर फेकला जाईल. प्रवाह अस्थिर. केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये आतले नळकांडे वेगाने फिरवून, द्रवात रंग सोडून दाखवले की विशिष्ट वेगाच्या पुढे जाताच द्रवात वेढ्यांसारखे भोवरे एकावर एक रचले जातात. हा प्रयोग आणि त्यांचे गणित दोन्ही इतके तंतोतंत जुळले की हा विषय आता पक्का झाला असेच वाटावे.

आता हा नियम आपल्या चकतीला लावा. बुध आणि पृथ्वी यांचा हिशेब मघाशी केलाच आहे. बाहेर जावे तशी पुंजी वाढते. म्हणजे रॅले यांच्या नियमाने चकती स्थिर! धक्का द्या, ती थरथरेल आणि पुन्हा शांत होईल. खळबळ माजायला जागाच नाही.

हा पेच होताच. पण १९६० नंतरच्या दहा वर्षांत तो एकाएकी मोलाचा झाला. १९६२ च्या जूनमध्ये रिकार्दो जाक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उडवलेल्या अग्निबाणाला वृश्चिक राशीच्या दिशेने क्ष-किरणांचा एक प्रखर उगम सापडला. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ओळखले की ३सी २७३ हा ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका अतिशय दूर आहे, म्हणजे तो शेकडो दीर्घिकांइतका तेजस्वी असला पाहिजे. एवढे तेज यायचे कुठून? अमेरिकेत साल्पीटर आणि रशियात झेल्डोविच यांनी १९६४ मध्ये सुचवले की एखाद्या प्रचंड वस्तूवर पडणारा वायूच हे तेज देत असेल. १९६७ मध्ये जॉन व्हीलर यांनी 'ब्लॅक होल' हे नाव रूढ केले, आणि १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी दीर्घिकांच्या गर्भात कृष्णविवर आणि त्याभोवती वायूची चकती असे चित्र मांडले. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९७० या दिवशी, केनियाच्या किनाऱ्याजवळून क्ष-किरणांचा वेध घेणारा एक उपग्रह उडाला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून त्याचे नाव ठेवले 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य. त्याच्या वेधांतून हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या उगमाकडे सर्वांचे लक्ष वेधले, आणि तिथे ताऱ्याच्या जोडीने कृष्णविवर फिरत असल्याचा पुरावा पुढे आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कृष्णविवर स्वतः काळे. आपल्याला दिसते ते भोवतालच्या चकतीचे तेज. वायू खाली उतरताना तापतो आणि प्रकाशतो. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा हजारी सुमारे ७ भाग ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. सूर्य त्यावरच चालतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या चकतीत हेच प्रमाण शेकडा सुमारे ६ आहे, आणि अतिवेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती ते शेकडा ४२ पर्यंत जाऊ शकते. विश्वातला हा सर्वांत किफायतशीर चुला. पण इंधन आत सरकले तर तो पेटणार, आणि ते कसे सरकते तेच कुणाला ठाऊक नव्हते.

मॉस्कोतल्या निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव या तरुण शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये यातून एक व्यवहारी वाट काढली. ते म्हणाले, खळबळ कशाने माजते ते तूर्त बाजूला ठेवू. ती असेल त्या जोराने थरांना ओढत असेल. तो जोर वायूच्या दाबाच्या काही पट आहे असे मानू, आणि त्या पटीला 'अल्फा' हे अक्षर देऊ. अल्फा एकापेक्षा लहान असणार, एवढे सांगता येते. बस्स. या एका अक्षराच्या आधाराने त्यांनी चकतीचे सगळे गणित उलगडले. त्यात सोय अशी की चकतीचा पृष्ठभाग किती तापेल, हे अल्फाच्या किमतीवर अवलंबून राहतच नाही. त्यामुळे त्यांचा निबंध वेधांशी पडताळता आला आणि या विषयातला पायाभूत ग्रंथ ठरला.

हे अक्षर प्रामाणिक होते. आपल्याला काय माहीत नाही, याच्यावर त्यांनी उघडपणे चिठ्ठी चिकटवली होती. पण चिठ्ठीचे असे होते बघा, की डब्यावर नाव लिहिले म्हणजे आत वस्तू आहेच असे घरातली माणसे धरून चालतात. पुढली सतरा-अठरा वर्षे बहुतेकांचे तसेच झाले.

त्या काळात काहीच घडले नाही असे मात्र नव्हे. अल्फाच्या चकतीतच नव्या अस्थिरता सापडू लागल्या. १९७४ मध्ये ॲलन लाइटमन आणि डग्लस अर्डली यांनी दाखवले की चकतीचा सर्वांत आतला भाग, जिथे वायूच्या दाबापेक्षा प्रकाशाचाच दाब जास्त असतो, तो एकसारखा राहू शकत नाही; तिथला वायू कुठे दाटतो, कुठे विरळ होतो. चकतीचा बाहेरचा भाग थंड असतो, आणि तिथे हायड्रोजन कधी साधा तर कधी विद्युत्‌भारित अशा दोन अवस्थांत झोके घेतो, असेही १९८० च्या आगेमागे जपान आणि जर्मनीतल्या संशोधकांनी मांडले. धरणात पाणी साठावे आणि दरवाजे एकदम उघडावेत, तसा हा प्रकार. हंस तारकासमूहातल्या व्ही-४०४ या कृष्णविवराच्या चकतीचे दरवाजे १९३८, १९५६, १९८९ आणि २०१५ मध्ये असे उघडलेले नोंदले आहेत. पुढे १९८४ मध्ये पापालॉयझू आणि प्रिंगल यांनी जाड, कड्यासारख्या चकतीत एक नवीच अस्थिरता शोधली आणि क्षणभर वाटले, सापडली ती हीच! पण कड्यातला वायू कृष्णविवरात सांडू लागला की ती मंदावते, असे दिसून आले. मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मग आले १९९१ हे साल. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे की आपण सर्वजण एक गोष्ट विसरलो. चकतीतला वायू तापलेला, विद्युत्‌वाहक आहे. त्यात थोडे का होईना, चुंबकीय क्षेत्र असणारच. आणि थोडेसे क्षेत्रही रॅले यांचा नियम पार उलटवून टाकते.

कसे ते एका खेळावरून सांगतो. मैदानात खांब रोवला आहे. त्याच्याभोवती दोन मुले फेऱ्या मारताहेत, एक आतल्या रिंगणात, एक बाहेरच्या. ग्रहांप्रमाणे आतला जलद आहे. आता दोघांच्या कमरेला एक लांब, सैल रबरी दोरी बांधा. आतला पुढे जातो, दोरी ताणते. ती आतल्याला मागे ओढते आणि बाहेरच्याला पुढे. आतल्याची पुंजी घटली. त्यामुळे तो आणखी आतल्या रिंगणात घसरतो. गुरुत्वाकर्षणाच्या राज्यातला न्याय असा विलक्षण की, आत घसरलेला अधिकच जलद फिरतो. मागे ओढावे तो पुढे पळतो! बाहेरच्याची पुंजी वाढली. तो आणखी बाहेर गेला आणि मंदावला. अंतर वाढले, दोरी जास्त ताणली, ओढ वाढली. सावकारीतल्यासारखे हे चक्र सुरू होते. एकाचे जाते, दुसऱ्याकडे जमते, आणि थांबायचे नाव नाही. चुंबकीय बलरेषा विद्युत्‌वाहक वायूला अशाच बांधून असतात. त्याच त्या रबरी दोऱ्या. दोरीऐवजी लोखंडी कांब बांधली तर दोघे एकत्र फिरतील आणि काही घडणार नाही. म्हणून क्षेत्र दुबळे असले तरच हा खेळ रंगतो. आणि वेग किती? चकतीच्या एका फेऱ्यात मूळचा धक्का शंभरपटीहून अधिक वाढू शकतो. संगणकावर चकतीचा तुकडा चालवून पाहिला तेव्हा काही फेऱ्यांतच तिथे संक्षोभ माजला. अल्फाच्या डब्यात अखेर वस्तू आली.

आता मागे वळू. चुंबकीय क्षेत्रातला फिरता द्रव अस्थिर असतो, हे याआधी कुणीच सांगितले नव्हते काय? सांगितले होते, आणि तेही दोघांनी. रशियात येव्गेनी वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कुएत यांच्या त्याच दोन नळकांड्यांत विद्युत्‌वाहक द्रव कल्पून हे गणित केले होते. आणि १९६० मध्ये तेच स्वतंत्रपणे चंद्रशेखरांनी केले. बाल्बस आणि हॉली यांनी आपल्या निबंधात या दोघांचे ऋण मान्य केलेले आहे.

चंद्रशेखरांची हकीकत आपल्या परिचयाची आहे. १९३० च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचा हा मुलगा बोटीने इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात त्याने गणित मांडले की श्वेत लघुताऱ्याच्या वजनाला एक मर्यादा आहे. तिच्यापुढे तारा आकसतच जाईल. पण १९३५ च्या जानेवारीत, लंडनच्या राजज्योतिष सभेत, थोर एडिंग्टन यांनी भर बैठकीत या विचाराची टर उडवली. चंद्रशेखर खचले नाहीत, पण वाद वाढवण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. १९३७ पासून ते शिकागो विद्यापीठाचे झाले. एक विषय घ्यावा, काही वर्षे त्यात बुडून जावे, शेवटी एक ग्रंथ लिहून तो विषय मिटावा आणि दुसरा उघडावा, अशी त्यांची आयुष्यभराची रीत पडली. १९५० नंतर त्यांनी घेतलेला विषय प्रवाहांच्या स्थैर्याचा. त्याचा ग्रंथ १९६१ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला, साडेसहाशे पृष्ठांचा. त्यात हे सूत्र आहे. एवढेच नव्हे, तर त्यातली चमत्कारिक गोष्टही चंद्रशेखरांनी नोंदवलेली आहे. चुंबकीय क्षेत्र कमी कमी करत शून्याशी आणले, तर सूत्र रॅले यांच्या जुन्या नियमाशी जाऊन मिळायला हवे. ते मिळत नाही! क्षेत्र अजिबात नसणे आणि नावापुरते असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग हे कुणाच्या ध्यानी का आले नाही? मला तीन कारणे दिसतात. पहिले काळाचे. १९६० मध्ये क्ष-किरणांचे आकाश उघडलेले नव्हते. ज्या चकतीला हे सूत्र लागायचे ती अजून कुणाच्या नजरेतच आली नव्हती. प्रश्न जन्माला येण्याआधी उत्तर जन्मले. दुसरे कारण विषयांच्या भिंतींचे. नळकांड्यांतल्या द्रवाचे गणित करणारे आणि ताऱ्यांचा वेध घेणारे, यांची नियतकालिके वेगळी, बैठकी वेगळ्या. काहींनी ताऱ्यांच्या अंतर्भागापुरते हे सूत्र वापरलेही, पण चकतीपर्यंत ते आले नाही. तिसरे कारण माणसाच्या समजुतीचे. क्षीण चुंबकीय क्षेत्र म्हणजे क्षीण परिणाम, असे सगळ्यांनी मनाशी धरले होते. ज्या ओळीत सूत्राने नेमके उलटे सांगितले होते, ती ओळ वाचूनही डोळा पुढे गेला असेल.

आणि यात मनाला चटका लावणारी एक गोष्ट आहे. ज्या ताऱ्याला आकसण्यापासून काही रोखू शकत नाही, त्याची चाहूल चंद्रशेखरांना बोटीवरच लागली होती. पुढे १९७० नंतर ते पुन्हा त्याच दारी आले, आणि १९८३ मध्ये कृष्णविवरांच्या गणितावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण या ग्रंथाचा विषय कृष्णविवराची स्वतःची रचना हा होता, भोवतालच्या वायूची चकती नव्हे. एका हाताने कुलूप घडवलेले, दुसऱ्या हाताने किल्ली. पण दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत राहिली. सुदैवाने १९९१ साल पाहायला ते हयात होते; २१ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. बाल्बस आणि हॉली यांना या कामाबद्दल २०१३ चे शॉ पारितोषिक मिळाले.

यापुढची हकीकत थोडक्यात. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत २००६ मध्ये पाणी घेऊन पाहिले. चकतीच्या चालीने फिरवलेले पाणी रॅले यांनी सांगितल्याप्रमाणे शांतच राहिले. मग २०२२ मध्ये तिथेच गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे द्रवरूप मिश्रण चुंबकीय क्षेत्रात फिरवले, आणि वेलिखोव्ह व चंद्रशेखर यांची अस्थिरता तिच्या मूळ स्वरूपात प्रयोगशाळेत दिसली. कुएत यांची नळकांडी अशी १३२ वर्षांनी आकाशाच्या कामी आली.

दरम्यान, १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ या दीर्घिकेच्या गर्भातले, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर छायाचित्रात प्रकट झाले. तेजाच्या कड्यात काळा ठिपका. २०२१ मध्ये त्याच कड्यातल्या प्रकाशाची दिशा तपासली, तेव्हा तिथले चुंबकीय क्षेत्र वायूला मागे रेटण्याइतके प्रबळ असल्याचे दिसले. असे कुंद झालेले क्षेत्र वायूला थोपवून धरते, ही कल्पना रशियातल्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतर मांडली होती, आणि मद्रास व बंगलोरला शिकलेले रमेश नारायण यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये ती पुढे नेली. अशा वेळी जड वायू हलक्या क्षेत्रावर बसलेला असतो, तेलावर पाणी ठेवावे तसा. ते पाणी बोटे फुटल्यासारखे खाली झिरपते. या झिरपण्यालाही नाव रॅले आणि टेलर यांचेच आहे. जुनी माणसे पाठ सोडत नाहीत!

आपल्या मुंबईचाही या कथेत वाटा आहे. गरुड तारकासमूहात १९९२ मध्ये जी.आर.एस. १९१५+१०५ नावाचे, सूर्याच्या सुमारे बारा पट वजनाचे कृष्णविवर सापडले. त्याचे क्ष-किरण नाडीच्या ठोक्यांसारखे कमीजास्त होत; चकतीचा आतला भाग रिता व्हावा, पुन्हा भरावा, असा तो प्रकार. लाइटमन आणि अर्डली यांनी सांगितलेली अस्थिरता ती हीच, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. मात्र तशाच तेजस्वी अशा बहुतेक इतर चकत्यांत असे ठोके का दिसत नाहीत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मार्च १९९६ मध्ये उडालेल्या भारतीय उपग्रहावर बसवलेल्या, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेल्या उपकरणांनी हे ठोके टिपले होते. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी उडालेल्या ॲस्ट्रोसॅटवरही त्याच संस्थेची क्ष-किरण उपकरणे होती, आणि त्यांनीही या चकतीचा वेध घेतला.

आज एखादा विद्यार्थी या विषयाला हात घालतो तेव्हा तीन ठिकाणी त्याला तेच एक नाव भेटते. अस्थिरतेच्या सूत्रात वेलिखोव्ह यांच्या जोडीने चंद्रशेखर. चकतीचे क्ष-किरण पाहायला जुलै १९९९ मध्ये पाठवलेल्या दुर्बिणीचे नाव चंद्रा. आणि पुण्याला आयुका संस्थेत व्याख्यान ऐकायला बसावे, तर त्या सभागृहाचे नावही चंद्रशेखर. नावे ठेवून आपण थोरांचा मान राखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या साडेसहाशे पृष्ठांच्या ग्रंथाला मानापेक्षा वाचकाची गरज जास्त होती, आणि तो भेटायला तीस वर्षे लागली. आपल्या गावच्या वाचनालयातही अशी काही पुस्तके धूळ खात उभी असतील. त्यांतले एखादे कधीतरी खाली काढून उघडून पाहावे. कुणी सांगावे, कुठल्याशा न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे वाट पाहत असेल.